औद्योगिक नेटवर्कचा नकाशा: आधी मोजा, मग निविदा काढा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि परिसराची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये राज्य सरकारने यामागे सायबर घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. त्या वादात कोणाचे खरे, हे ठरवण्याचा प्रयत्न इथे करायचा नाही. असा प्रश्न पुन्हा उभा राहिला तर उत्तर शोधायला सुरुवात कुठून करायची, हा मुद्दा आहे. घटनेच्या आदल्या दिवशी नियंत्रण-नेटवर्कवर कोणती उपकरणे होती, कोण कोणाशी बोलत होते आणि बाहेरून आत येणाऱ्या वाटा किती होत्या, याची भरवशाची नोंद असेल तर तपासाला पाया मिळतो. ती नसेल तर दोन्ही बाजू अंदाजच मांडत राहतात.

ही नोंद तयार करून देणारी सॉफ्टवेअर आता बाजारात भरपूर आहेत. वीज कंपन्या, महापालिकांचे पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण विभाग, सहकारी कारखाने अशा सर्वांकडे विक्रेते येतात. पडद्यावर रंगीत नकाशा उघडतो, पीएलसी (यंत्रे चालवणारे छोटे औद्योगिक संगणक), एचएमआय (ऑपरेटरचे पडदे) आणि सर्व्हर आपापल्या पातळीवर नीट बसलेले दिसतात, आणि निविदेचा मसुदाही बहुतेक वेळा विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरूनच उतरवला जातो. ‘शंभराहून अधिक प्रोटोकॉल’ (म्हणजे उपकरणांच्या आपसातल्या बोलण्याच्या भाषा), ‘१०० टक्के दृश्यता’, ‘एआय-आधारित’ ही शब्दावली तशीच निविदेत येते. जनतेच्या पैशातून होणारी ही खरेदी अशी होता कामा नये, असे मला ठामपणे वाटते. ज्या सॉफ्टवेअरने आपल्याच एका केंद्रावर, आपल्याच माणसांनी हाताने बनवलेल्या यादीसमोर परीक्षा दिलेली नाही, ते घेऊ नये.

ही सॉफ्टवेअर मुळात निष्क्रिय पद्धतीने काम करतात. स्विचवरच्या (केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीवरच्या) एका पोर्टवर बाकीच्या पोर्टांची वाहतूक प्रतिबिंबित करायची, म्हणजे मिररिंग, आणि ती ऐकत बसायची. ऐकलेल्या पॅकेटमधून (माहितीच्या तुकड्यांतून) आयपी पत्ता, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक), प्रोटोकॉल आणि जमल्यास मॉडेल व फर्मवेअर (उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर) काढायचे. ऑफिसच्या नेटवर्कवर चालणारे नेहमीचे स्कॅनर इथे का चालत नाहीत, हे समजायला अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या ८००-८२ मार्गदर्शिकेत नोंदवलेल्या घटना पुरेशा आहेत. एका स्काडा (यंत्रांवर देखरेख आणि नियंत्रण ठेवणाऱ्या प्रणालीच्या) नेटवर्कवर साधा पिंग स्वीप, म्हणजे प्रत्येक पत्त्याला ‘आहेस का’ अशी हाक, चालवला तेव्हा नऊ फुटी रोबोटिक हात आपोआप १८० अंशांत फिरला. दुसऱ्या ठिकाणी चिप बनवणाऱ्या कारखान्याची नियंत्रण यंत्रणा अडकली आणि ५० हजार डॉलरचे वेफर वाया गेले. तिसरीकडे एका गॅस कंपनीत सुरक्षा-चाचणी करणारे चुकून स्काडाच्या भागात शिरले आणि ग्राहकांचा गॅस चार तास बंद राहिला. जुन्या पीएलसीचा नेटवर्क भाग अनपेक्षित पॅकेट आले की गोंधळतो. शिवाय त्याला एकाच वेळी मोजकीच कनेक्शन सांभाळता येतात. स्कॅनरने त्यातली एक-दोन अडवली तर ऑपरेटरच्या पडद्यालाच जागा उरत नाही.

म्हणून ऐकणे योग्य. पण ऐकणाऱ्याला कुठे बसवले आहे, यावर सगळे अवलंबून असते, आणि बहुतेक प्रात्यक्षिके इथेच फसवी ठरतात. विक्रेता सेन्सर, म्हणजे ऐकणारे उपकरण, मुख्य कंट्रोल रूमच्या कोअर (मध्यवर्ती) स्विचवर लावतो, कारण तिथे रॅक आहे, एसी आहे आणि परवानगीही सहज मिळते. पंपगृहातला पीएलसी आणि त्याच पॅनलच्या दारावरचा एचएमआय यांच्यातली वाहतूक मात्र त्या पंपगृहातल्या लहान स्विचवरच संपते. ती कोअरपर्यंत येतच नाही. नकाशात मग तो एचएमआय नसतो, आणि नकाशा पाहणाऱ्याला त्याची उणीव जाणवण्याचे काही कारणही नसते. त्यातून फील्ड पॅनलमधले पाच किंवा आठ पोर्टचे स्विच बहुतेक वेळा अनमॅनेज्ड असतात, म्हणजे मिररिंगची सोयच नाही. तिथे टॅप, म्हणजे केबलमध्येच बसवून ऐकण्याचे छोटे उपकरण, लावावा लागतो, आणि टॅप लावताना केबल क्षणभर तुटते. त्यामुळे हे काम शटडाऊनमध्येच करायचे.

मिररिंग करतानाही ठरावीक चुका होतात. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे पोर्टची एकच दिशा निवडणे. असे झाले की सॉफ्टवेअरला प्रश्न ऐकू येतात, उत्तरे येत नाहीत. मॉडेल आणि फर्मवेअर उत्तरातच असतात, त्यामुळे ते रकाने रिकामे राहतात आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी जातो. दुसरी चूक क्षमतेची. १०० एमबीपीएसचे चोवीस पोर्ट दोन्ही दिशांनी एका १ जीबीपीएस पोर्टवर ओतले, तर एरवी भागते, पण गर्दीच्या क्षणी पॅकेट गळतात. पॅकेट वाचणाऱ्या वायरशार्क या साधनात नोंदीची फाइल उघडली आणि ‘न पकडलेल्या सेगमेंटची पोच आली’ अशा अर्थाच्या खुणा वारंवार दिसल्या, तर गळती आहे असे समजावे आणि स्विचवर त्या पोर्टचा ड्रॉप काउंटर तपासावा. ऐकणाऱ्या लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डवरचे सगळे प्रोटोकॉल बंद ठेवायचे, नाहीतर विंडोज स्वतःच नेटवर्कवर हाका मारत बसते. साठवणीचा हिशेब सोपा आहे. सरासरी १० एमबीपीएस वाहतूक असेल तर तासाला साडेचार जीबी, दिवसाला १०८ जीबी, आठवड्याला सुमारे ७५६ जीबी. एक टीबीची डिस्क पुरते.

आठवडाच का? कारण एका शिफ्टमध्ये सगळी उपकरणे बोलत नाहीत. ठरावीक वारी चालणारा बॅकअप, महिन्याचा अहवाल खेचणारा सर्व्हर, एरवी बंद असलेला स्टँडबाय पंप यांची वेळ वेगवेगळी असते. सर्वांत धोकादायक वाट, म्हणजे प्रोग्रॅमिंगचे सॉफ्टवेअर असलेला कंत्राटदाराचा लॅपटॉप, फक्त देखभालीच्या दिवशी जोडला जातो. मुंबईसारख्या शहरात पर्जन्यजल उदंचन केंद्रांची तपासणी मेमध्ये जोरात असते. जानेवारीत आठवडाभर ऐकून काढलेल्या नकाशात त्या तपासणीला येणारे लॅपटॉप असणार नाहीत. त्यामुळे चालू कामाचा एक आठवडा आणि शटडाऊनचा एक दिवस अशा दोन्ही नोंदी हव्यात.

आता मूळ परीक्षा. त्यासाठी हाताने बनवलेली यादी लागते आणि तिला पर्याय नाही. एक केंद्र निवडायचे, फार मोठे नाही, तीस ते पन्नास उपकरणांचे. इन्स्ट्रुमेंटेशनचा एक माणूस आणि नेटवर्कचा एक, अशा दोघांनी प्रत्येक पॅनल उघडायचे. पॅनल क्रमांक, नेमप्लेटवरची कंपनी आणि ऑर्डर कोड, सिरीयल नंबर, फर्मवेअर, आयपी, मॅक, कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला जोडले आहे, आणि मागे सिरीयल लाइन आहे का, हे सगळे लिहायचे. मग स्विचमधली मॅक सारणी (कोणत्या पोर्टवर कोणता मॅक पत्ता, याची नोंद) काढून यादीशी ताडायची. सारणीत आहे पण यादीत नाही असा पत्ता निघाला, तर त्या पोर्टची केबल धरून शेवटपर्यंत जायचे. यात बहुधा कोणीतरी कधीकाळी बसवलेला आणि सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला मोडेम किंवा राउटर सापडतो. दोन माणसांचे दोन-तीन दिवस जातात. कुठल्याही खरेदीपेक्षा हे काम जास्त मोलाचे आहे, असे मी म्हणेन.

यादी तयार झाली की सॉफ्टवेअरचा निकाल तिच्यासमोर ठेवायचा. समजा खरी उपकरणे ४० आहेत आणि सॉफ्टवेअर ४६ दाखवते. वरवर पाहता त्याने अपेक्षेपेक्षा जास्त शोधले. एकेक ओळ जुळवल्यावर कळते की खरी सापडली ३१, नऊ सुटली आणि पंधरा मुळात अस्तित्वातच नाहीत. म्हणजे सापडण्याचे प्रमाण साडेसत्याहत्तर टक्के आणि दाखवलेल्यातले खरे फक्त ६७ टक्के. नुसता ४६ हा आकडा यातले काहीच सांगत नाही. ही पंधरा भुते येतात कुठून? ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट (सर्वांना किंवा गटाला एकदम हाक मारायचे) पत्ते उपकरण म्हणून मोजले जातात, दोन नेटवर्क कार्डे असलेला सर्व्हर दोनदा येतो, राखीव जोडीतला आभासी पत्ता तिसरे उपकरण बनतो. परवाना जर उपकरणांच्या संख्येवर असेल, आणि तो बऱ्याचदा तसाच असतो, तर या भुतांचेही पैसे दरवर्षी भरावे लागतात.

आकड्यांच्या पुढे जाऊन ओळख किती अचूक आहे ते पाहायला हवे. इथे काही सापळे मुद्दाम लावावेत. पहिला पोर्ट १०२ चा; हा स्विचवरचा पोर्ट नव्हे, तर पॅकेटमधला सेवा ओळखण्याचा क्रमांक. सीमेन्सचा एस७ प्रोटोकॉल या पोर्टवर चालतो, आणि वीज उपकेंद्रांतल्या आयईसी ६१८५० मानकाच्या संरक्षण-रिलेंचा एमएमएस प्रोटोकॉलही याच पोर्टवर. दोघांचे खालचे थर सारखेच आहेत. वेगळेपण त्यांच्या आतल्या पहिल्या बाइटपाशी सुरू होते, नेहमीच्या एस७ मध्ये तिथे हेक्साडेसिमल ३२ असतो. जे सॉफ्टवेअर फक्त पोर्ट पाहून नाव ठेवते, ते उपकेंद्रातल्या संरक्षण-रिलेला बेधडक सीमेन्सचा पीएलसी म्हणते. वीज कंपनीने चाचणीत दोन्ही प्रकारची वाहतूक असलेली फाइल जरूर ठेवावी.

दुसरा सापळा मॅक पत्त्याचा. त्याचे पहिले तीन बाइट नेटवर्क कार्डाचा निर्माता सांगतात, उपकरणाचा नव्हे. आणि वाहतूक राउटर ओलांडून आली असेल तर पॅकेटवर राउटरचाच मॅक असतो. नकाशात साठ उपकरणे एकाच नेटवर्क कंपनीची दिसू लागली की नेमके हेच घडलेले असते. चांगले सॉफ्टवेअर हे ओळखून तिथे निर्मात्याचा रकाना मोकळा सोडते. माझ्या दृष्टीने असा प्रामाणिकपणे मोकळा सोडलेला रकाना चुकीच्या नावापेक्षा कितीतरी बरा.

तिसरा आणि पाणीपुरवठ्यात हमखास आढळणारा सापळा मॉडबस गेटवेचा, म्हणजे मॉडबस या प्रोटोकॉलवर बोलणारी सिरीयल उपकरणे नेटवर्कला जोडणाऱ्या पेटीचा. एका आयपी पत्त्यामागे आरएस-४८५ या सिरीयल लाइनवर बारा एनर्जी मीटर आणि चार फ्लो मीटर असू शकतात. मॉडबस टीसीपीच्या सात बाइटच्या शीर्षकात शेवटचा बाइट युनिट क्रमांक सांगतो. सॉफ्टवेअर तो वाचत असेल तर सोळा उपकरणे दिसतात, नसेल तर एकच. चौथा सापळा तयार यंत्रसंचांचा. क्लोरिनेशनचा संच किंवा ब्लोअरचे पॅनल पुरवठादाराकडून जसेच्या तसे येते, आणि चार सारख्या संचांच्या आत चारही ठिकाणी तेच १९२.१६८.१.१० असते. बाहेर छोटा नॅट राउटर, जो आतले पत्ते बाहेर दिसू देत नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या सेन्सरांकडून आलेली माहिती एकत्र करताना चारांचे एक करून टाकणारी सॉफ्टवेअर आहेत. आपण घेणार असलेले सॉफ्टवेअर हे करते का, ते खरेदीआधी कळले पाहिजे.

आणि ओळख किती खोलवर जाते, हा प्रश्न. एखाद्या पॅनलच्या नेमप्लेटवर ६ईएस७ ३१५-२ईएच१४-०एबी० असे लिहिले आहे. एक सॉफ्टवेअर सांगते ‘सीमेन्स’. दुसरे सांगते ‘एस७-३००’. तिसरे पूर्ण ऑर्डर कोड आणि फर्मवेअरची आवृत्ती देते. सुरक्षेतल्या त्रुटींच्या सूचना नेमक्या मॉडेल आणि आवृत्तीपुरत्या असतात. ‘सीमेन्स’ एवढेच ठाऊक असेल तर सॉफ्टवेअर त्या कंपनीच्या झाडून सगळ्या त्रुटी त्या बिचाऱ्या पॅनलला चिकटवते आणि कनिष्ठ अभियंत्यापुढे शेकडो ओळींचा लाल अहवाल येतो. तो वाचून कोणी काही करू शकत नाही. त्यामुळे ‘शंभराहून अधिक प्रोटोकॉल’ या दाव्यात काही हशील नाही. आपल्या केंद्रात चालणारे पाच-सहा प्रोटोकॉल कोणते आणि त्यातल्या प्रत्येकातून नेमके काय काढून मिळेल, हेच निविदेत लिहायला हवे.

‘केवळ निष्क्रिय’ हा आग्रहही मी टोकाला नेणार नाही. जे पीएलसी आपली ओळख सांगणारे पॅकेट कधी पाठवतच नाहीत, त्यांचे फर्मवेअर वर्षभर ऐकूनही कळणार नाही. अशा वेळी त्यांच्याच भाषेत एक साधा प्रश्न विचारणे योग्य असते. ईथरनेट/आयपी या औद्योगिक प्रोटोकॉलमध्ये ओळख विचारण्याची आज्ञा आहे, मॉडबसमध्ये ४३ क्रमांकाचे फंक्शन आहे, मात्र ते ऐच्छिक असल्याने पुष्कळ उपकरणे त्याला चूक-संदेशच परत पाठवतात. अट एवढीच की प्रश्न आधी टेबलावरच्या राखीव पीएलसीला विचारून पाहावा, मग शटडाऊनमध्ये एकेका उपकरणाला, आणि ती सोय एरवी कुलूपबंद असावी. पीएलसीच्या प्रकल्प-फाइली वाचणारी सॉफ्टवेअरही उपयोगी आहेत, कारण रॅकमधली इनपुट-आउटपुट कार्डे नेटवर्कवर कधीच बोलत नाहीत आणि ती फक्त त्या फाइलीत दिसतात.

यावर विभागांकडून दोन आक्षेप येतात आणि दोन्हीत तथ्य आहे. पहिला वेळेचा. चाचणी घालत बसलो तर मार्चअखेर निधी परत जाईल. उपाय असा की यादी आणि पॅकेटची नोंद हे काम निविदेच्या आधी, विभागाच्याच माणसांनी उरकावे. त्याला नवा निधी लागत नाही. मग सगळ्या बोलीदारांना तीच नोंद-फाइल द्यायची, पण विभागाच्या खोलीत, विभागाच्या मशीनवर. ती बाहेर जाता कामा नये, कारण टेलनेट, एफटीपी आणि जुन्या एसएनएमपी अशा असुरक्षित प्रोटोकॉलचे पासवर्ड त्यात उघडे वाचता येतात. खरी यादी तोवर बंद लिफाफ्यात ठेवायची. सापडलेली, सुटलेली, भुते, चुकीची नावे, फर्मवेअर किती ठिकाणी बरोबर, एवढे पाच आकडे काढून त्यांना तांत्रिक गुणांत वजन द्यायचे. केवळ सर्वांत कमी दरावर असे सॉफ्टवेअर निवडले तर सर्वांत कमी पाहणारेच निवडले जाण्याची शक्यता मोठी. आणि ‘१०० टक्के दृश्यता’ ही अट काढूनच टाकावी. ती कोणी पूर्ण करू शकत नाही, तरी सगळे तिच्यावर सही करतात, आणि पुढे तिच्या जोरावर कोणालाही जबाबदार धरता येत नाही. त्याऐवजी चाचणीत मिळालेला आकडा करारात लिहावा आणि प्रत्येक नव्या केंद्रावर तो गाठला की तेवढे देयक द्यावे.

दुसरा आक्षेप लहान नगरपालिकांचा: आमच्याकडे हे करणारा माणूसच नाही. त्यांना माझे सांगणे सरळ आहे. शंभरेक उपकरणांपर्यंत महागडे सॉफ्टवेअर घेऊच नका. एक नीट ठेवलेली एक्सेल फाइल, स्विचची मॅक सारणी आणि फुकट साधने पुरतात. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने बनवून खुले केलेले ग्रासमार्लिन शिकायला चांगले आहे. नोंद-फाइल दिली की कोण कोणाशी बोलते याची आकृती काढते. मात्र कित्येक वर्षांत त्याची नवी आवृत्ती नाही, त्यामुळे त्याच्या ओळख-यादीवर विसंबू नये. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सीसा आणि आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळा यांचे माल्कम आजही सांभाळले जाते. ते झीक या खुल्या विश्लेषण-साधनाच्या आधारे मॉडबस, डीएनपी३, बॅकनेट, एस७, ईथरनेट/आयपी असे प्रोटोकॉल उलगडते. त्याला ३२ जीबी रॅमचे मशीन आणि लिनक्सची तोंडओळख असलेला माणूस लागतो. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मदत घेता येईल, मात्र नोंद-फाइल विभागाच्याच ताब्यात ठेवून. वाचलेला पैसा अनमॅनेज्ड स्विच बदलण्यात घालावा. मिररिंग करू न शकणाऱ्या नेटवर्कवर कोणतेही सॉफ्टवेअर आंधळेच.

दूरच्या केंद्रांचे काय, हे मात्र लहान-मोठ्या सगळ्यांनी विचारायला हवे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलिक्विपा गावाच्या पाणी प्राधिकरणाचे एक बूस्टर केंद्र हल्लेखोरांच्या हाती गेले. त्या लाटेत युनिट्रॉनिक्स कंपनीचे नियंत्रक लक्ष्य झाले होते, आणि सीसाच्या इशाऱ्यानुसार ते इंटरनेटला उघडे होते व कारखान्यातून आलेला ११११ हा पासवर्ड बदललेला नव्हता. आपल्याकडे टेकडीवरच्या जलकुंभापाशी सिमकार्ड घातलेला ४जी राउटर आणि त्याच्यामागे एक पीएलसी, ही रचना सर्रास दिसते. मुख्यालयातल्या सेन्सरला तो राउटर कधीच दिसणार नाही. त्यासाठी सिमकार्डांची बिले काढून यादीशी ताडावी लागतात. ज्या क्रमांकाचे बिल भरले जाते पण जागा सांगता येत नाही, तो क्रमांक शोधायचा.

करारात आणखी दोन गोष्टी हव्यात. संपूर्ण यादी साध्या सीएसव्ही स्वरूपात कधीही काढून घेता आली पाहिजे, म्हणजे एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपल्यावर नोंद विक्रेत्याकडे अडकून पडणार नाही. आणि सॉफ्टवेअर बसल्यावर दर सहा महिन्यांनी पूर्वसूचना न देता एक जुना लॅपटॉप किंवा राखीव पीएलसी एखाद्या दूरच्या पंपगृहातल्या मोकळ्या पोर्टला जोडावा आणि घड्याळ लावावे. नवे उपकरण आल्याचा इशारा किती मिनिटांनी आला, तो शिफ्टवरच्या माणसापर्यंत पोचला का, आणि त्याने कोणाला फोन केला, या तिन्ही गोष्टी नोंदवहीत लिहाव्यात. इशारा आलाच नाही, तर त्या पंपगृहाची वाहतूक सेन्सरपर्यंत पोचत नाही असे समजून मिररिंगची जोडणी पुन्हा तपासायची आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्या सहामाहीचे देयक रोखून ठेवायचे.